आठातले सव्वातीन

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. खडू-फळ्याशी त्यांचा संबंध विद्यार्थी असताना आला तेवढाच, आणि तोही फारसा सुखाचा नव्हता. ते बसमधले मास्तर. उभी हयात कंडक्टरकी केली, आणि कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात. खरं नाव कागदोपत्री उरलं. निवृत्त झाले तरी हाक तीच राहिली, आणि त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे मास्तरीणबाई म्हणू लागले. बाईंना बस लागते. नवऱ्याच्या बसमध्ये त्या जन्मात एकदाच चढल्या आणि पहिल्याच थांब्यावर उतरल्या.

कंडक्टरकी सुटली तरी अंगातून गेली नाही. मास्तर अजूनही चहा उभ्यानं पितात. खुर्ची रिकामी असली तरी दाराची चौकट धरून उभे राहतात. चार पाहुणे जमले की त्यांची नजर मागच्या भिंतीपासून पुढे फिरते आणि ओठ हलतात. डोकी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा भर रस्त्यात त्यांनी बस थांबवून धरली होती, कारण डोकं एक जास्त होतं आणि तिकीट एक कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. लोक ओरडायला लागले, ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला, तरी मास्तर हटले नाहीत. शेवटी कळलं की मागच्या बाकावर एका शिंप्यानं दुकानातला पुतळा टोपी घालून बसवून ठेवला होता. मास्तरांनी पुतळ्याचं सामानाचं तिकीट फाडलं, मगच बस हलली. "माणसं आणि तिकिटं जुळली पाहिजेत," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यात त्यांचं कधी चुकलं नाही आणि चुकू शकतं असंही त्यांना कधी वाटलं नाही. पुढं जे रामायण घडलं ते त्यामुळेच.

बाईंचं काम मशीनवरच्या भरतकामाचं. मागच्या खोलीत खिडकीशी मशीन, त्याच्या शेजारी टेबलावर कॉम्प्युटर, आणि भिंतीला लावलेल्या खिळ्यांवर रंगीत दोऱ्यांची रिळं. शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचं चिन्ह, दवाखान्याच्या कोटांवरची नावं, हॉटेलच्या टॉवेलांवरची अक्षरं, असलं काम बारा महिने चालू. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, कुठला टाका कुठे पडेल ते ठरवायचं, की मशीन आपलं खटखट करत भरत बसतं. बाई कामाला वाघ. आणि स्वभावानं अशा, की मशीन बिघडलं तरी त्याला आधी दोन शब्द प्रेमानं बोलून बघणार.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. खिशावरचं चिन्ह असेल तर बिचारा निमूट करायचा, पण चित्र मोठं झालं की जागच्या जागी बसायचा. बाई म्हणायच्या, "विचार करतोय." त्या काळात त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, बटण दाबायचं नाही, मास्तरांचा पत्त्यांचा खेळ तर उघडायचाच नाही, असा घरचा कायदा. फाइल उघडायला सांगून बाई चहा टाकायला जायच्या. चहा व्हायचा, पिऊन व्हायचा, कप धुऊन व्हायचे, आणि पडद्यावर अजून अर्धंच झाड उगवलेलं असायचं.

झाड, कारण काम झाडांचं आलं होतं. शाळेच्या सभागृहाला नवा पडदा हवा होता, आणि त्याच्या खालच्या काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडांची रांग, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मध्ये मध्ये पक्षी. एवढं मोठं काम बाईंकडे कधी आलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं आणि मग घोडं अडलं. कॉम्प्युटर अख्खं चित्र घेईना. बाईंनी त्याचे तुकडे केले, एकेक झाड वेगळं. पण एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडात शिरायची तिथे सांधा जुळेना. टाका चुकायचा, मग बाई खिडकीशी बसून कात्रीच्या टोकानं दोरा न दोरा उसवायच्या. तक्रार नाही, कुरकुर नाही. ते बघून मास्तरांनाच राहवेना.

बायकोला भेट आणण्याची मास्तरांना सवय नव्हती. एकदा छत्री आणली होती, ती त्यांनीच वापरून वापरून मोडली. पण या वेळी त्यांनी मनावर घेतलं आणि कॉम्प्युटरचं खोकं उचलून थेट रेडिओच्या दुकानात गेले.

रेडिओ हा त्यांचा दोस्त. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही करू लागला, आता कॉम्प्युटर करतो. धंदा बदलत गेला, नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकान न्हाव्याच्या आणि किल्ल्या करणाऱ्याच्या मधे, दोघांनी खांदे आक्रसून घ्यावेत आणि तिसऱ्यानं मधे घुसावं असं चिंचोळं. दोस्तीची सुरुवात भांडणानं झाली होती. तरुणपणी रेडिओ पोतंभर बिघडलेले रेडिओ घेऊन बसनं यायचा, आणि मास्तर पोत्याचं तिकीट मागायचे. रेडिओ म्हणायचा, हे वाजत नाहीत तर यांचं तिकीट कसलं? रोजचा वाद, रोजचं हसू, आणि एक दिवस मास्तरांना सुट्टी होती म्हणून रेडिओ दुसऱ्या कंडक्टरला गपगुमान तिकिटाचे पैसे देऊन आला आणि संध्याकाळी मास्तरांच्या घरी येऊन म्हणाला, "तू नसलास की मजा येत नाही बुवा." तेव्हापासून आजतागायत. निवृत्तीनंतर तर मास्तरांची सकाळ रेडिओच्याच दुकानात उगवायची. रेडिओ काम करणार, मास्तर दाराशी उभे राहून रस्त्यावरच्या माणसांवर टीका करणार. दोघांनाही त्याशिवाय दिवस सुरू झाला असं वाटत नसे.

"मेमरी म्हणजे नक्की काय रे?" मेमरी वाढवावी लागेल असं रेडिओनं सांगितल्यावर मास्तरांनी विचारलं.

"कॉम्प्युटरचं कपाट वेगळं आणि मेमरी वेगळी," रेडिओ म्हणाला. "तुझ्या भाषेत सांगतो. कपाट म्हणजे डेपो. तिथे गाड्या कितीही उभ्या करा. मेमरी म्हणजे बसमधली बसायची जागा. जे काम आत्ता चालू आहे ते तिथं बसतं. जागा कमी पडली की चढ-उतर सुरू, आणि गाडी पुढे सरकतच नाही."

"म्हणजे हिच्या गाडीला जागा कमी पडतेय."

"एकच जीबी आहे की. आजकाल फोनला पण याहून जास्त असते."

"जास्तीत जास्त किती बसेल?"

रेडिओनं खोकं उघडलं, फुंकर मारली, आत वाकून बघितलं. "मेमरीच्या पट्ट्यांना खाचा दोन. एकेकीत चार. आठ बसेल."

"मग आठच घाल. अर्धवट काम आपल्याला जमत नाही."

त्या वेळी रेडिओच्या हातात दुसऱ्याच कोणाचं तरी मशीन उघडं पडलं होतं आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. त्यानं चारच्या दोन पट्ट्या काढल्या, खाचांत दाबून बसवल्या, चालू करून बघितलं, "झालं, ने" म्हणाला. मास्तर खोकं छातीशी धरून घरी आले. भर दुपारी, भर रस्त्यानं, लग्नातल्या वरासारखे ताठ.

घरी बाईंनी चालू केलं. झाडाची फाइल उघडली. मास्तरांनी तिकडे लक्षच दिलं नाही, कारण त्यांना आधी मोजायचं होतं. रेडिओनं एकदा दाखवलं होतं, कुठल्या पानावर मेमरी किती ते लिहिलेलं असतं. मास्तरांनी ते पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: बसवलेली मेमरी आठ जीबी, वापरण्याजोगी सव्वातीन.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आठ, आणि सव्वातीन. आठ माणसं चढली आणि तिकिटं सव्वातीन! पावणेपाच गेले कुठे?

"अहो, पण मला तर—" बाई काहीतरी सांगू बघत होत्या.

"तू मधे बोलू नकोस. हा हिशोबाचा प्रश्न आहे."

रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी ते डोक्यात राख घालूनच दुकानात पोचले. दुकानात नेमकी गर्दी. न्हावी नेहमीप्रमाणे टेकून उभा, किल्लीवाला कसली तरी वायर मागायला आलेला, एक बाई बंद पडलेला मिक्सर घेऊन आलेली, आणि एक गृहस्थ आपला चार्जर शोधत होते. मास्तरांनी कोणाकडे बघितलं नाही.

"आठ सांगून सव्वातीन देतोस होय रे? बाकीचे पावणेपाच कुठे गेले?"

रेडिओनं वर बघितलं. त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं, तोंड उघडलं, पण मास्तरांचा आवाज एकदा सुटला की मागच्या बाकापर्यंत जाऊनच थांबतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "दुसऱ्याच्या पट्ट्या काढून मला घातल्यास का? बिघडलेल्या होत्या का? बोल की! जन्मभर मी गाडीत फुकटे पकडले, आणि सगळ्यात मोठा फुकट्या रोज सकाळी माझ्या शेजारीच होता, हे मला कळलं नाही!"

न्हाव्यानं मान खाली घातली. मिक्सरवाली बाई आपला मिक्सर पोटाशी धरून एक पाऊल मागे सरली. रेडिओच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, नीट, आवाज न करता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही आता निघा. गिऱ्हाईकं आहेत."

तुम्ही! एवढ्या वर्षांत रेडिओनं त्यांना शिव्या घातल्या होत्या, नावं ठेवली होती, पण अहो-जाहो कधी केलं नव्हतं. मास्तर तरातरा बाहेर पडले. कोपऱ्यावर आले तेव्हा त्यांना वाटलं, मागून हाक येईल. ती आली नाही.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. सकाळी उठायचं, अंघोळ करायची, कपडे करायचे, आणि जायचं कुठे? ते दुसऱ्या रस्त्यानं फिरायला जाऊ लागले. त्या रस्त्यावर एकही माणूस टीका करण्याजोगा नव्हता, आणि असता तरी ऐकायला कोण होतं? घरी येऊन ते दाराची चौकट धरून उभे राहायचे. आतून मशीनची खटखट यायची आणि बाई काहीतरी गुणगुणायच्या. मास्तरांना त्या गुणगुणण्याचाही राग यायचा.

"भांडलात ना त्याच्याशी?" बाईंनी एकदा विचारलं.

"भांडलो नाही. हिशोब विचारला."

"मग मिळाला?"

मास्तर चपला घालून बाहेर पडले. राग होताच, पण रागाच्या खाली काहीतरी खुपत होतं. फसवायचं असतं तर ज्या पानावर सगळं उघड दिसतं ते पान रेडिओनं आपल्याला दाखवलं असतं कशाला? हा प्रश्न एकदा मनात शिरला तो निघेना. शेवटी त्यांनी ठरवलं, तिसऱ्याकडून मोजून घ्यायचं. त्या दिवशी बाई पडद्याचं माप घ्यायला शाळेत गेल्या होत्या. मास्तरांनी खोकं उघडलं, रेडिओनं केलं होतं तसंच, आणि दोन्ही पट्ट्या काढून, रुमालात गुंडाळून, बाजारातल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या काचबंद दुकानात गेले.

काउंटरवर चष्मेवाल्या एक बाई होत्या. त्यांनी पट्ट्या घेतल्या, आपल्या एका मशीनमध्ये घातल्या, चालू केलं.

"आठ," त्या म्हणाल्या.

"वापरण्याजोगी किती ते बघा."

"जवळजवळ सगळीच. पट्ट्या चांगल्या आहेत. का हो?"

मास्तरांनी काउंटरची कड धरली. मग सगळं सांगितलं. फक्त फुकट्या म्हटल्याचं सांगितलं नाही. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिस्टीम कुठली आहे? मास्तरांना चालू करताना दिसणारं चित्र आठवलं, ते त्यांनी वर्णन करून सांगितलं.

"अहो, मग बरोबर आहे. ती जुनी, बत्तीस बिटवाली. असं बघा, मेमरीतल्या प्रत्येक जागेला एक नंबर असतो. कॉम्प्युटर त्या नंबरानंच तिथे पोचतो. तुमच्या सिस्टीमकडचे नंबर चार जीबीपर्यंत जाऊन संपतात. पुढे जागा आहे, पण तिला नंबरच नाही, म्हणून तिथे कोणाला पाठवता येत नाही. आणि त्या चारातलेही काही नंबर पडद्याच्या कार्डाला आणि इतर भागांना राखून ठेवलेले असतात. म्हणून सव्वातीन."

"म्हणजे पावणेपाच कुणी घेतले नाहीत?"

"कुणी घेणार? तुमच्याच खोक्यात आहेत. नुसते बसून आहेत."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर लख्खकन एक जुनी गाडी उभी राहिली. डेपोत पहिल्यांदा लांबलचक बस आली होती, जादा आसनांची. पण आरक्षणाचे तक्ते जुन्याच गाडीचे छापलेले. खिडकीवरचा कारकून म्हणे, जेवढे नंबर छापलेत तेवढीच आसनं मी देणार. त्यातली पुढची दोन कर्मचाऱ्यांसाठी राखीव, ती वेगळीच. मागची आसनं रिकामी, आणि थांब्यावर माणसं ताटकळत उभी! मास्तर तेव्हा कारकुनावर किती ओरडले होते! तो बिचारा हात जोडून सांगत होता, अहो, माझ्याकडे नंबर नाहीत.

"मोठी सिस्टीम घातली तर?" त्यांनी विचारलं.

"तर आठही दिसतील. पण भरतकामाचा प्रोग्राम जुना आहे ना? तो नव्यावर चालेलच असं नाही. मी तर हात लावणार नाही बाबा. चालतंय ते चालू द्या."

मास्तर रस्त्यावर आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. इथं तर चोर नव्हताच. बाजारातून घरापर्यंत कसे आले ते त्यांना कळलं नाही. पट्ट्या जागेवर बसवल्या, खोकं बंद केलं, आणि बाई आल्या तेव्हा ते अंधाऱ्या खोलीत दिवा न लावता बसले होते. बसले होते हे बघूनच बाई घाबरल्या.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले, आणि सगळं सांगितलं. या वेळी तो शब्दही सांगितला.

बाईंनी दिवा लावला. "मला कशाला सांगता? मी का फुकटी आहे? ज्याला बोललात त्याला सांगा. आणि चार लोकांत बोललात ना, मग सांगायचंही चार लोकांतच."

हे त्या बोलायचं म्हणून बोलल्या. पण मास्तरांना हिशोब सांगितला की ते तो शब्दशः घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानापुढे जाऊन उभे राहिले. आत एकच गिऱ्हाईक होतं. रेडिओनं एकदा बघितलं आणि मान खाली घालून तारेला डाग देत, सोल्डरिंग करत राहिला. मास्तर हलले नाहीत. ते गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं. मग दोघं आले, पण तोवर आधीचा निघून गेला. मास्तरांचे ओठ हलत होते.

"काय पाहिजे?" शेवटी रेडिओनं विचारलं.

"काही नाही. गर्दी होऊ दे."

"कशाला?"

"चौघं होते त्या दिवशी. तीन झाले तर माझ्याकडे एक कमी राहतो."

रेडिओला काही कळेना, किंवा कळलं पण दाखवायचं नव्हतं. ऊन चढलं. दुकानात पुन्हा दोघंच. मास्तरांचा धीर सुटला. ते शेजारी गेले आणि न्हाव्याला म्हणाले, "चल." न्हावी म्हणाला, माझ्या खुर्चीत माणूस आहे. "त्यालाही घे." किल्लीवाल्यालाही दंडाला धरून आणलं. असा लवाजमा दुकानाच्या तोंडाशी उभा राहिला: न्हावी हातात वस्तरा घेऊन, त्याचं गिऱ्हाईक गळ्यात फडकं आणि अर्ध्या गालाला साबण लावून, किल्लीवाला, आणि आतली दोघं. एक जास्तच. मास्तरांनी घसा साफ केला, आणि तो जुना, मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढला.

"ऐका हो सगळे! परवा मी इथे उभा राहून या माणसाला फुकट्या म्हणालो. ते खोटं होतं. त्यानं आठ सांगितले, आठ दिले. मी स्वतः मोजून आलोय. कॉम्प्युटरकडे नंबर नव्हते आणि माझ्याकडे अक्कल नव्हती. चूक माझी. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांनी हेही ऐका, आणि ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांनाही जाऊन सांगा!"

"मी तर त्या दिवशी नव्हतोच," साबणवाला म्हणाला.

"मग तुम्हाला आगाऊ सांगितलं समजा."

न्हावी हसला, किल्लीवाला हसला. साबण वाळायला लागला म्हणून न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक घाईनं गेले, बाकीचेही पांगले. रेडिओ मात्र हसला नाही. तो हातातल्या तारेच्या तुकड्याकडे बघत बसला होता. मास्तर चौकट धरून उभे राहिले. आता हा पुन्हा तुम्ही म्हणाला तर आपण काय करायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

"मला माहीत होतं," रेडिओ हळूच म्हणाला.

"काय?"

"वहिनींच्या कॉम्प्युटरला आठ दिसणार नाहीत ते. ती जुनी सिस्टीम मीच घातली होती, त्या भरतकामाच्या प्रोग्रामासाठी. तू आलास तेव्हा गडबडीत ध्यानातच आलं नाही. खाचा बघितल्या आणि आठ म्हणालो. रात्री जेवताना आठवलं. म्हटलं, सकाळी याला सांगू, एक पट्टी परत घेऊ. तर सकाळी तूच आलास तोंड वाजवत. एवढ्या लोकांत मी काय सांगू, की हो, माझीच चूक? दुकान आहे माझं." त्यानं डाग द्यायचं यंत्र बंद केलं. "आणि मग रोज वाटायचं, जाऊन सांगावं. रोज वाटायचं, आधी तो येऊ दे. मी काही बरा वागलो नाही, मास्तर."

मास्तरांना राग यायला हवा होता. इतके दिवस त्या रटाळ रस्त्यानं फिरलो, आणि हा इथे अळीमिळी गुपचिळी करून बसला होता! पण छातीवरचं काहीतरी एवढं हलकं झालं होतं की रागाला बूडच सापडेना. उलट त्यांना हसू यायला लागलं.

"मग तुझंही लोकांसमोरच व्हायला पाहिजे."

"होऊ दे. गिऱ्हाईकं येऊ देत, सांगतो," रेडिओ म्हणाला, आणि खरंच उठून दाराशी येऊन उभा राहिला. रस्ता दुपारचा, सुनसान. दोघं बराच वेळ उभे राहिले. एक कुत्रा गेला.

"तुझा आवाज कोणाला ऐकू जाणार?" मास्तर म्हणाले. "चल घरी. हिला सांग. चौघांना सांगितल्यासारखंच आहे ते."

मागच्या खोलीत बाई मशीनपाशी होत्या. दोघं एकापाठोपाठ एक आत आले आणि शाळकरी पोरांसारखे दाराशी उभे राहिले. रेडिओनं सगळं सांगितलं, खाली बघत. "वहिनी, चूक माझी. एक पट्टी तुमच्याकडे उगाच पडून आहे. ती काढून नेतो आणि तिचे पैसे परत देतो."

"खबरदार हात लावलात तर!" बाई म्हणाल्या. "तिकडे बघा."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाडांची रांग होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्खी, फांदीत फांदी, सगळे पक्षी जागच्या जागी. बाईंनी माऊसनं चित्र पुढे सरकवलं, मागे सरकवलं, आणि ते कुठेही न अडकता सरकत राहिलं.

"पहिल्याच दिवशी उघडलं हे," त्या म्हणाल्या. "पूर्वी एक होते, आता सव्वातीन आहेत. माझं काम केव्हाच झालं. सांगायला लागले तर म्हणे, मधे बोलू नकोस, हिशोब चाललाय! तुम्ही दोघं पावणेपाचासाठी तोंडं फिरवून बसलात. मला सव्वादोन जास्त मिळाले ते कोणी विचारलंत का?"

 मास्तरांनी रेडिओकडे बघितलं, रेडिओनं रिळांकडे.

"आता आलाच आहात तर टोकं धरा," बाई म्हणाल्या. "काठ भरून झालाय, एकदा ताणून बघायचाय."

काठ लांब होता. खोलीत मावेना. रेडिओनं एक टोक धरलं आणि तो मागच्या दारातून पार अंगणात गेला. मास्तर दुसरं टोक घेऊन पुढच्या दारातून गल्लीत गेले. मधे अख्ख्या घरातून झाडं पसरली. बाई एकेका सांध्यावर बोट फिरवत, वाकून बघत, सावकाश पुढे सरकत होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती. मास्तरांचे हात भरून आले, पण सोडायची सोय नव्हती.

"रेडिओ!" ते गल्लीतून ओरडले.

"काय रे?" अंगणातून आवाज आला.

मास्तरांना खरं तर काहीच सांगायचं नव्हतं. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या होत्या, लोक बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काही नाही," ते ओरडले. "आहेस ना, तेवढं बघितलं."